मेफ्लॉवरवाल्या पूर्वजापर्यंत कसं पोचायचं: एका निवृत्त मंडल अधिकाऱ्याकडून नवशिक्यांसाठी

सूनबाईच्या माहेरी थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना दरवर्षी एक वाक्य ठरलेलं, "आमचे पूर्वज मेफ्लॉवरवरून आले." विहीणबाई बोलणार आणि सगळे माना डोलावणार. मेफ्लॉवर म्हणजे १६२० साली इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन अमेरिकेत आलेलं जहाज. मी आधी तलाठी मग मंडल अधिकारी, उभा जन्म वारस नोंदी तपासण्यात गेला, त्यामुळे राहवलं नाही आणि विचारलं की कागद कुठाय? कागद नव्हता. एका वेबसाईटवरून काढलेली प्रिंट होती, वर मोठ्या अक्षरात जॉन हाउलंड (त्या जहाजावरचा एक प्रवासी), खाली बाणच बाण आणि सगळ्यात खाली माझी नात. तिथून हे वेड लागलं. वर्षातले सहा महिने मी मॅसॅच्युसेट्समध्ये मुलाकडे असतो, बर्फ पडला की बाहेर जायची सोय नाही, मग करायचं काय.

आता ओळखीतले दोन-तीन जण विचारायला लागलेत, त्यांच्याही घरी अमेरिकन सून किंवा जावई आलाय आणि नातवंडांना शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळालाय. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. मी हाउलंडचंच उदाहरण घेतोय कारण तेवढंच मी खोलात जाऊन बघितलंय, पण न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतल्या) सतराव्या शतकातल्या कुठल्याही इंग्रज वसाहतवाल्याला हीच रीत लागू पडते. १६२० ते १६४० या वीस वर्षांत अंदाजे वीस हजार इंग्रज तिकडून इकडे आले, त्यामुळे तुमच्या व्याह्यांचा पूर्वज मेफ्लॉवरवर नसला तरी त्या वीस हजारांत असायची शक्यता बरी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सात-बाऱ्यावर नावापुढे फेरफार क्रमांक असतो ना, म्हणजे हे नाव इथे कशाच्या जोरावर आलं ते सांगणारा नंबर, तसा प्रत्येक पिढीच्या सांध्याला एक नंबर पाहिजे. अमुक होता याचा पुरावा मिळणं सोपं असतं. अमुक हा तमुकचाच मुलगा याचा पुरावा मिळणं अवघड, आणि काम तेच आहे. प्रिंटमधले बाण म्हणजे फेरफार नसलेली नावं. मी एक्सेलमध्ये प्रत्येक पिढीसाठी ओळ केली आणि शेवटचा कॉलम ठेवला "सांधा कशावरून". तो कॉलम रिकामा असेल तर वर सरकायचं नाही.

आणि चढायचं खालून वर. नवशिके हमखास उलटं करतात, जॉन हाउलंडपासून खाली यायला बघतात. त्याला दहा मुलं, दहाही मोठी झाली, नातवंडं ऐंशीच्या वर, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश त्याच्याच वंशातले. वरून खाली आलात तर लाखो फांद्यांत हरवाल आणि आडनाव जुळलं की आपलाच म्हणून मोकळे व्हाल. नातीपासून सुरू करा, मग तिची आई, मग आजी.

पहिले दोन-तीन आठवडे इंटरनेटला हातच लावू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. विहीणबाईंच्या एक काकू नव्वदीच्या आहेत, त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून लग्नाची सर्टिफिकिटं, पेपरातली मृत्यूची कात्रणं आणि एक फॅमिली बायबल काढलं, त्याच्या मधल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले. बायबल मिळालं तर आधी ते कधी छापलंय ते बघा. छपाई १८५० ची आणि पहिली नोंद १७९० ची असेल तर ती कुणीतरी नंतर आठवून लिहिलीये, शाई आणि अक्षर सगळीकडे एकसारखं दिसतं त्यावरूनही कळतं. फोटो काढताना फोटोच्या मागची बाजूही काढायची. काकूंनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं पण समोर "तोंडी" असं लिहिलं, आमच्याकडे जबाब आणि दस्त वेगळे ठेवतात तसं.

मग येतो विसाव्या आणि एकोणिसाव्या शतकाचा टप्पा, हा सोपा आहे, पटकन होतो. फॅमिलीसर्च ही वेबसाईट फुकट आहे, अकाउंट काढा. अँसेस्ट्री पैसे घेते पण इथल्या बऱ्याच लायब्ररीत जाऊन फुकट बघता येते, लायब्ररीत विचारा, लाजू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची राज्यभर नोंद १८४१ पासून आहे आणि मृत्यूच्या नोंदीत बहुतेक वेळा आईबापाचं नाव असतं, म्हणजे एका कागदात एक सांधा. फक्त मृत्यूची माहिती देणारा कोण ते बघा, जावयाने दिलेली सासूच्या आईची माहिती म्हणजे काय असणार ते आपल्याला माहितीये.

सेन्सस म्हणजे जनगणना दर दहा वर्षांनी, पहिला १७९० चा. ७२ वर्षं झाल्याशिवाय नावं उघडत नाहीत, म्हणून आत्ता शेवटचा बघायला मिळतो तो १९५० चा. तिथून मागे मागे जायचं. १८९० चा जवळजवळ सगळा गेलाय, १९२१ च्या आगीत, त्यामुळे तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते लिहिलंय. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव. आणि १८५० च्या आधी? फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं नुसते आकडे, या वयाचे पुरुष इतके, त्या वयाच्या बायका इतक्या. इथे गाडी अडते. सगळ्यांची अडते.

१७९० ते १८५० हा पट्टा सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं १६२० अवघड असेल, पण १६२० वर शंभर-दीडशे वर्षं विद्वान लोक बसलेत, तुमच्या खापरपणजोबांच्या आज्यावर कुणी बसलेलं नाही. या पट्ट्यात कामाला येतात तीन गोष्टी. एक म्हणजे गावोगावची नोंदणी, मॅसॅच्युसेट्समध्ये बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची पुस्तकं छापलीत आणि ती ऑनलाईन फुकट आहेत. दुसरं मृत्युपत्रं आणि वाटपं. तिसरं जमिनीचे दस्त. या तिसऱ्याकडे इथले हौशी लोक फार जात नाहीत, कंटाळवाणं वाटतं म्हणे. मला विचाराल तर खरा खजिना तोच.

जमिनीचे दस्त का ते सांगतो. बाप वारला की पोरं एकत्र येऊन जमीन विकतात किंवा एकाला हक्कसोड करून देतात, आणि दस्तात लिहितात की ही जमीन आमच्या मयत वडिलांची अमुकची. लग्न झालेल्या मुलीही सह्या करतात नवऱ्यासकट, म्हणजे मुलीचं सासरचं आडनाव आणि बापाचं नाव एकाच कागदावर! बायको वेगळी सही करून आपला तिसऱ्या हिश्श्याचा विधवा-हक्क सोडते, तिथून बायकोचं नाव कळतं. जुन्या काळी मृत्युपत्र नसलं तर थोरल्या मुलाला दोन वाटे आणि बाकीच्यांना एकेक, त्यामुळे वाटणीचे नऊ भाग दिसले तर मुलं आठ, असा हिशोबही मांडता येतो. मॅसॅच्युसेट्सच्या दस्तांच्या स्कॅन कॉप्या फॅमिलीसर्चवर पडल्यात, आणि हल्ली तिथे फुल टेक्स्ट सर्च आलाय, म्हणजे हाताने लिहिलेली पानं कॉम्प्युटर स्वतः वाचतो आणि आतलं नाव शोधून देतो. इंडेक्समध्ये नसलेला साक्षीदारसुद्धा सापडतो. आम्ही दप्तरखान्यात धूळ खात बसायचो ते आठवून मला तर गहिवरून आलं. पण सापडलं की मूळ पानाचा फोटो उघडून स्वतः वाचा, कॉम्प्युटरने वाचलेलं म्हणजे शिपायाने सांगितलेलं समजा.

आता माझी फजिती. प्रिंटमध्ये सहाव्या का सातव्या पिढीत एक माणूस होता, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव, सगळं व्यवस्थित. मी ते धरून चाललो आणि तीन महिने त्याच्या बापाच्या मागे घालवले. मग एके दिवशी त्याच गावच्या छापील नोंदीत मृत्यूच्या भागात तेच नाव दिसलं, वय ४ वर्षं. पोरगं लहानपणीच गेलेलं, आणि ऑनलाईन झाडांमध्ये त्याचं लग्न लावून सात मुलं जन्माला घातलेली! शेजारच्या गावात त्याच नावाचा चुलतभाऊ होता, आमचा माणूस तो. त्या काळी पोर गेलं की पुढच्या पोराला तेच नाव ठेवायचे आणि आज्याचं नाव सगळ्याच भावांच्या घरी, त्यामुळे एका पंचक्रोशीत एकाच नावाची चार माणसं म्हणजे नेहमीचंच. तेव्हापासून माझा नियम असा की नाव सापडलं की आधी त्याला मारून बघायचा, म्हणजे त्या नावाची मृत्यूची नोंद कुठे आहे का ते शोधायचं, आणि मगच त्याचं लग्न लावायचं. ऑनलाईन झाडं बघू नका असं मी म्हणत नाही. धागा मिळतो त्यातून, पण शंभर झाडांत एकच माहिती असली तरी तो पुरावा एकच, नव्व्याण्णव जणांनी कॉपी-पेस्ट केलेला.

आनंदाची बातमी अशी की पूर्ण १६२० पर्यंत तुम्हाला एकट्याने चढायचं नाहीये. मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था १८९७ साली स्थापन झाली, मेफ्लॉवरवाल्यांनी वसवलेल्या प्लिमथ गावातच आहे, त्यांनी वंश पुढे चाललेल्या प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यासकट छापल्यात, चंदेरी बांधणीमुळे सगळे त्यांना सिल्व्हर बुक्सच म्हणतात. पाचव्या पिढीच्या मुलांची नावंही त्यात येतात. म्हणजे तुमचं काम काय, तर खालून चढत साधारण १७५०-१८०० पर्यंत यायचं आणि तिथे वरून आलेल्या शिडीला आपली शिडी टेकवायची. मेफ्लॉवरवर नसलेल्या पण १६३५ पर्यंत आलेल्या लोकांसाठी ग्रेट मायग्रेशनचा, म्हणजे त्या वीस हजारांच्या स्थलांतराचा, अभ्यास-प्रकल्प आहे, १९८८ पासून चाललेला, एकेक कुटुंब घेऊन कुठला कागद काय म्हणतो ते लिहिलंय. तो बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीचा. ही संस्था १८४५ ची, न्यूबरी स्ट्रीटवर लायब्ररी आहे. एकदा जाऊन या.

सतराव्या शतकात शिरताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे तारखा. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. आपल्याला याचं काही वाटायला नको, आपलं शक पण पाडव्यालाच बदलतं की, पण अमेरिकन लोक इथे हटकून चुकतात. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतचे दिवस जुन्या वर्षात मोजायचे, म्हणून तारीख १६७२/३ अशी दुहेरी लिहितात. "पहिला महिना" असं लिहिलं असेल तर तो मार्च. हे १७५२ पर्यंत चाललं, त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. हाउलंडची मुलगी होप, जिच्या वंशात आमची सूनबाई येते, तिचा दगड केप कॉडवर बार्नस्टेबलच्या लोथ्रॉप हिल दफनभूमीत अजून उभा आहे, मी हात लावून आलोय. दगडावर लिहिलंय ८ जानेवारी १६८३, वय ५४. तिचा जन्म १६२९ च्या ऑगस्टातला. आता बोटांवर मोजा, आपल्या हिशोबाने जानेवारी १६८३ धरला तर वय येतं ५३. दगड चुकला का? नाही, तो आपल्या कॅलेंडरचा जानेवारी १६८४ आहे, मग ५४ बरोबर बसतं. असं गणित प्रत्येक वेळी कागदावर करून बघत चला.

दुसरं नात्यांचे शब्द. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी सगळ्यांना वेगळा शब्द आहे, त्यांच्याकडे आताच गोंधळ आहे आणि तेव्हा तर विचारू नका. कझिन म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असायचा. सन-इन-लॉ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा, मदर-इन-लॉ म्हणजे सासू नाहीतर सावत्र आई. सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बापलेक असतीलच असं नाही, गावात त्या नावाचे दोघे असले तर थोरला सीनियर आणि धाकटा ज्युनियर, मग काका-पुतणे असोत की परके. आणि सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर! आमच्या फजितीतला माणूसही यातूनच सुटला शेवटी. मृत्युपत्रात "माझी आत्ताची बायको" असं वाचून लोक म्हणतात आधीची एक होती, तसं काही नाही, वकिली भाषा आहे ती, मृत्युपत्र करताना जी हयात आहे ती.

तिसरं, दप्तर कुठल्या ऑफिसात आहे. प्लिमथ ही वेगळी वसाहत होती, बोस्टनवाल्या मॅसॅच्युसेट्स बेच्या हाताखाली नव्हती. १६८५ मध्ये तिचे प्लिमथ, बार्नस्टेबल आणि ब्रिस्टल असे तीन तालुके म्हणा जिल्हे म्हणा पाडले आणि १६९१ च्या सनदेने ती मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली. त्यामुळे १६८५ च्या आधीचं मृत्युपत्र प्लिमथ वसाहतीच्या दप्तरात शोधायचं आणि नंतरचं जिल्ह्यात. बार्नस्टेबलच्या कचेरीला १८२७ मध्ये आग लागली, दस्तांची बहुतेक पुस्तकं गेली, मृत्युपत्रांची बरीचशी वाचली. तिथे जमिनीचा माग अडला की मृत्युपत्राकडे वळा, माझं अर्धं काम तसंच झालं.

आता बघा की हे सगळं जमलं की वरच्या पिढ्यांत कागद कसे एकमेकांना धरून राहतात. हाउलंडचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं, त्यात चार मुलगे आणि सहा मुली, मुली सासरच्या आडनावांसकट, होप चिपमन त्यातच. एका कागदात दहा सांधे. त्याच्या आधीचा कागद १६२७ चा, आणि हा माझा सगळ्यात लाडका. त्या वर्षी प्लिमथवाल्यांनी सामायिक गुरांची वाटणी केली. एकूण बारा वाटे, एकेका वाट्यात तेरा माणसं, म्हणजे त्या दिवशी वसाहतीत कोण कोण जिवंत होतं त्याची नावानिशी यादीच झाली. चौथा वाटा जॉन हाउलंडचा, त्यात बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर. होप नाही, ती अजून जन्मायची होती. आणि वाट्याला काय आलं तर जेकब नावाच्या जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक, तिचं नाव रॅगहॉर्न. आता बोला! माणसांची वयं लिहायला कागद पुरला नाही पण कालवडीचं नाव लिहून ठेवलंय. जप्तीच्या पंचनाम्यात आम्ही गाय तांबडी, शिंग मोडकं एवढं लिहायचो, त्याची आठवण झाली.

हाउलंड स्वतः गव्हर्नर कार्व्हरचा नोकर म्हणून आला. वादळात डेकवरून समुद्रात पडला, बाहेर लोंबणारा शिडाचा दोर हाताला लागला म्हणून वाचला, ही गोष्ट त्याच जहाजातून आलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवलीये. त्या प्रवासात १०२ जण होते आणि पहिल्या हिवाळ्यात निम्मे गेले. पण वंशावळवाल्याला ब्रॅडफर्ड जास्त कामाला येतो तो वेगळ्या कारणाने. पिढ्यान् पिढ्या लोक समजत होते की हाउलंडची बायको एलिझाबेथ ही कार्व्हरच्याच घरातली, कुणी मुलगी म्हणायचं कुणी नात. घराण्याला शोभा येते ना. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत गायब झालं होतं, ते १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडलं, पुढच्याच वर्षी छापून आलं, आणि त्यात चक्क लिहिलेलं की एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी, आईबाप पहिल्याच हिवाळ्यात गेले. एका कागदाने दोनशे वर्षांची ऐकीव गोष्ट रद्द. पुढे इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या हेनलो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली, ३० ऑगस्ट १६०७. मेफ्लॉवरवर ती तेरा वर्षांची होती.

इथेच समुद्र ओलांडायचा प्रश्न येतो. हे नवशिक्यांनी सुरुवातीला करायचंच नाही, पण कसं करतात ते माहीत असावं. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं हा हुकूम १५३८ चा. साधारण १६०० पासून त्याच्या नकला बिशपकडे जायच्या, मूळ वही उंदराने खाल्ली तरी नक्कल सापडते. वह्या त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात. श्रीमंतांची आणि बऱ्याच व्यापाऱ्यांची मृत्युपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये. पण वहीत जॉन नाव सापडलं म्हणून तो आपला जॉन होत नाही, इंग्लंडमध्ये जॉन ढिगाने. जोडणारा कागद लागतो, ज्यात दोन्ही देश एकत्र येतात. हाउलंडचा लंडनमधला भाऊ हम्फ्री हा कापडाचा व्यापारी, त्याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात इकडे असलेल्या भावांची नावं आहेत, असा कागद म्हणजे लॉटरी.

होपचा नवरा जॉन चिपमन, त्याचा कागद तर वाचताना मला आपण वाई तहसीलमध्ये बसलोय असं वाटलं. हा पोरवयात १६३७ मध्ये इकडे आला. वीस वर्षांनी त्याने एक निवेदन केलं की मी थॉमस चिपमनचा एकुलता एक मुलगा आणि वारस, माझ्या वडिलांनी डॉर्सेटमध्ये व्हिटचर्चची जमीन, गिरणी आणि घरं नात्यातल्याच ख्रिस्तोफर डर्बीला दिली, आणि त्या मिळकतीचं उत्पन्नच वर्षाला चाळीस-पन्नास पौंड आहे, तर याची कुणीतरी चौकशी करा. म्हणजे नातेवाईकानेच जमीन घशात घातली! भाऊबंदकी सगळीकडे सारखी. त्याला जमीन मिळाली नसेल पण आपल्याला मात्र बापाचं नाव, गाव, परगणा, नातेवाईक सगळं एका तक्रारअर्जात मिळालं. म्हणून सांगतो, सुखी माणसाचे कागद कमी असतात, कोर्टात भांडणाऱ्या पूर्वजाला मनोमन नमस्कार करा.

आणि जमिनीवरून आठवलं. केप कॉडचे जुने व्यवहार मागे मागे नेलेत तर शेवटी विकणारा तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीचा सरदार निघतो. मूळ खातेदार ते. ज्यांची वहिवाट हजारो वर्षांची त्यांच्याकडून काय भावात आणि कुठल्या समजुतीवर जमीन घेतली गेली ते त्या दस्तांत दिसतं, १६७५ ला त्यावरून युद्धही पेटलं. मॅशपी आणि अक्विना इथे त्यांचे लोक आजही आहेत. नातीच्या प्रोजेक्टमध्ये मी हे पण घालायला लावलं.

मूळ कागद वाचायचा म्हणजे सेक्रेटरी हँड नावाचं वळण शिकावं लागतं. मोडी वाचणाऱ्याला धीर आहे, तीच तऱ्हा. एच खाली लोंबतो, ई उलटी, एस तीन प्रकारचे आणि स्पेलिंगला काही धरबंद नाही, हाउलंड एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलेला बघितलाय. मी मोडी शिकताना केलं तेच केलं, आधी ज्या कागदाचं वाचन छापलेलं आहे तो घेतला आणि शेजारी मूळ ठेवून रोज दहा ओळी. महिन्याभरात डोळा बसतो. इंग्लंडच्या प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र मंजूर केल्याचा, शेरा मात्र १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये, तो ठराविक साच्याचा असतो, एकदा समजून घ्या म्हणजे झालं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव्ह अँजू नावाचा एक इसम न्यूयॉर्कजवळ बसून श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकायचा, खऱ्या कागदांत एखादा खोटा कागद घुसवून. त्याचा माल अजून ऑनलाईन झाडांत फिरतोय. वंशावळ थेट राजाला जाऊन भिडली की सावध व्हा. आडनावाचं म्हणून जे राजचिन्ह मगवर छापून विकतात ते घेऊ नका, इंग्लंडमध्ये ते माणसाला मिळायचं, आडनावाला नाही. "तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला" ही गोष्ट प्रत्येक घरात असते. आता गंमत म्हणजे हाउलंड खरंच तीन भाऊ आले, जॉन, हेन्री आणि आर्थर, पण ते कागदावर सिद्ध आहे. डीएनए टेस्टचं विचाराल तर ती जवळच्या चार-पाच पिढ्यांना उपयोगी. बारा पिढ्या मागे तुमचे ४०९६ पूर्वज होतात, एकेकाचा वाटा तुमच्यात उरेलच असं नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय किंवा आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकाँड्रियल, हे लांब जातात, पण ओळ मध्ये एकदा जरी बदलली की संपलं, आणि आमची ओळ तर होपपासून दोनदा बायकांकडून पुरुषांकडे आणि परत अशी उड्या मारते.

बायकांवरून आठवलं, आपले कुलवृत्तांत बघा, मुलगी लग्न होऊन गेली की कंसात सासर आणि विषय संपला. मीही आधी तसंच शोधत होतो, आडनाव धरून. इथे ते चालत नाही, निम्मे सांधे बायकांचे असतात. आमच्या ओळीत एक सांधा अजून उघडा आहे तो बाईचाच. अठराशे दहा-वीसच्या सुमारास लग्न झालेली, लग्नाच्या नोंदीत फक्त नाव आणि गाव, त्या गावात त्या नावाच्या दोघी, आणि ज्याला बाप समजतो त्याच्या मृत्युपत्रात नुसतं "माझ्या सर्व मुली". अहो निदान नावं तरी लिहायची! भावाने जमीन विकली असेल आणि बहिणींनी सह्या केल्या असतील तर सुटेल, ती दस्तांची पुस्तकं पान पान बघतोय, आगीतून वाचलेल्या जिल्ह्यातली आहेत नशिबाने. तोवर तो चौकोन पेन्सिलने.

विहीणबाईंना हे सगळं दाखवलं होतं, चौकोनासकट. या वर्षी टर्की कापताना त्या म्हणाल्या, "आमचे पूर्वज मेफ्लॉवरवरून आले", मग माझ्याकडे बघितलं, सुरी थांबवली आणि म्हणाल्या, "एक कागद यायचाय अजून."